भिंगरी बसली

सकाळी आठच्या ठोक्याला सुतारकाकांनी खुर्चीवर बूड टेकलं, सीटखालच्या डबीतला आकडा पळायला लागला आणि मॅडमनी जोरात टाळी वाजवली. "चला, चला, चला! आज कुणी बसायचं नाही!" काका तर बसलेले होते. आज त्यांचं कामच बसायचं होतं. पण मॅडमपुढे मुद्दे मांडण्यात अर्थ नसतो हे ते तीन महिन्यांत शिकले होते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली आणि बसून राहिले.

कारखाना खुर्च्यांचा होता आणि तिथे एक जुनी पद्धत होती. नवा नमुना बाहेर पडायच्या आधी घरच्या माणसांनी त्यावर सलग आठ तास बसायचं. आळीपाळीने बसा, गप्पा मारत बसा, पण खुर्ची मिनिटभरही रिकामी राहता कामा नये. वजन आहे तोवर डबीतला आकडा पुढे जाणार. मिनिटभर वजन उठलं की आकडा शून्य, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डबीला माणूस काय आणि पोतं काय, दोन्ही सारखंच. पण साहेबांचा हट्ट माणसाचाच. "पोतं कण्हत नाही," ते म्हणायचे. "माणूस कण्हला की समजायचं, फोम कमी पडला."

आजची खुर्ची साधीसुधी नव्हती. गावात नवं मोठं ग्रंथालय होत होतं आणि त्यांना दोन हजार खुर्च्या हव्या होत्या, त्याही आठ तास बसून बघितल्याच्या लेखी कागदासकट. ग्रंथालयाच्या मुख्य बाई संध्याकाळी पाच वाजता स्वतः नमुने बघायला येणार होत्या. आणि साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "तीन महिने हंगामी प्रमुख म्हणून बघितलं तुम्हाला. आज ऑर्डर आली तर उद्यापासून पद पक्कं. नाही आली, तर स्टोअरचं रजिस्टर तुमची वाट बघतंय." त्या रजिस्टरवर मॅडमनी पंधरा वर्षं काढली होती. त्याच्या नुसत्या आठवणीने त्यांना शिंक यायची.

बाकी मॅडमच्या कामाला तोड नव्हती हो! पहाटे उठून घर आवरायच्या, आठाच्या आत कारखान्यात, आणि एकदा आत आल्या की पायाला भिंगरी. सगळे त्यांना पाठीमागे भिंगरीच म्हणायचे. सुताराच्या हातातून रंधा घेऊन स्वतः दोन हात मारायच्या, शिवणाऱ्या मावशींची शिवण उसवून 'अशी घाला' म्हणून दाखवायच्या, ड्रॉइंग काढणाऱ्या चष्म्याच्या खांद्यावरून वाकून त्याच्या रेघा खोडायच्या. हा चष्मा म्हणजे चाळिशीचा गृहस्थ; पण त्याच्या नाकावरचा चष्मा इतका जाड होता की त्याची सासूही त्याला त्याच नावाने हाक मारायची. स्टोअरची किल्ली मॅडमच्या कमरेला, कामांची यादी मॅडमच्या डायरीत, आणि त्यांची सही झाल्याशिवाय कारखान्यातला खिळाही हलत नसे. आपला हात जगन्नाथ, हे त्यांचं आवडतं वाक्य. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या साहेब लोकांचा त्यांना मनापासून राग होता.

तर आजचं वेळापत्रक मॅडमनीच आठ रंगांत लिहून भिंतीवर लावलं होतं. आठ ते नऊ काका, नऊ ते दहा मावशी, दहा ते अकरा चष्मा, आणि मग पुन्हा तेच. चार वाजता चाचणी संपणार, पाचला बाई येणार, मध्ये तासभर हाताशी. त्यात काही खोट नव्हती.

नऊ वाजता मावशी बसल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी मॅडम तिथून भिरभिरत गेल्या, थबकल्या आणि परत आल्या. मावशी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मॅडमना ते बघवेना.

"मावशी! बसून काय राहिलात?"

"तुम्हीच लिहिलंय की. नऊ ते दहा, मावशी, बसणे."

"अहो बसणे म्हणजे असं रिकामं बसणे नव्हे! तिकडे हिरव्या खुर्चीच्या पाठीचं कव्हर पडलंय. उठा, घेऊन या, बसल्या बसल्या टाके घाला!"

"पण मी उठले तर—"

मावशी बोलत होत्या तोवर मॅडम पार पलीकडच्या दारापाशी पोचल्यासुद्धा. चष्म्याच्या कागदावर हिशेब चुकलाय असं त्यांना दुरूनच वाटलं होतं. हिशेब बरोबर होता. तो तपासून, खोडून, पुन्हा तोच लिहून मॅडम मागे फिरल्या तेव्हा नऊ वीस झाले होते, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्चीवर मावशी नव्हत्या. खुर्चीवर कापडाचा एक भलामोठा गठ्ठा होता.

"अगं आई गं!" मॅडम ओरडल्या. "हे काय गोदाम आहे? चाचणीच्या खुर्चीवर माल ठेवता?" त्यांनी दोन्ही हातांनी गठ्ठा खाली लोटला आणि त्याच झटक्यात स्वतः खुर्चीवर बसल्या. "गेला! सव्वा तासाचा आकडा गेला! शून्यावर आला असणार! काका, इकडे या, डबी बघा, चालू आहे ना?"

काका रंधा टाकून आले. डबी सीटच्या मागच्या बाजूला खाली होती. बसलेल्या माणसाला ती दिसायची नाही. काकांनी गुडघे टेकले, वाकून बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"चालू आहे. पण मॅडम—"

"पण-बिण काही नको! चालू आहे ना?"

"आहे, पण—"

"मग झालं! नऊ वीसला सुरू, म्हणजे पाच वीसला आठ तास. बाई पाचला येणार. वीस मिनिटं त्यांना चहा पाजू, कारखाना दाखवू. आता मी इथून उठत नाही. अदलाबदल नको नि काही नको. माझा आता कुणावर विश्वास नाही!"

तेवढ्यात कव्हर घेऊन मावशी आल्या. त्यांनी जमिनीवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. काकांनी हळूच मान हलवली. मावशी आपल्या मशीनकडे निघून गेल्या.

इथून पुढे जी धमाल झाली तिला खरं तर तिकीट लावायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत याच खुर्चीचे तीन रंगांतले नमुने तयार व्हायचे होते, निळा, हिरवा आणि तपकिरी, आणि एकही पुरा झाला नव्हता. मॅडमचं शरीर खुर्चीत होतं, पण पाय अजून धावत होते. नुसते जागच्या जागी. दर दोन मिनिटांनी त्या अर्ध्या उठायच्या आणि "नाही नाही!" म्हणत दाणकन बसायच्या. खुर्चीची याहून कडक परीक्षा कुठल्या यंत्राने घेतली नसती.

"मॅडम, स्टोअरमधून हिरवा दोरा हवाय," मावशी म्हणाल्या.

"आले हं!" मॅडम उठल्या. बसल्या. कमरेच्या किल्लीवर हात गेला. पंधरा वर्षांत ती किल्ली दुसऱ्या माणसाच्या हातात गेली नव्हती. "तिसऱ्या कपाटात, वरून दुसरा कप्पा, पण खालच्या डब्याला हात लावू नका, आणि कुलूप दोनदा ओढून बघा, आणि... घ्या!" मॅडमनी डोळे मिटले आणि किल्ली भिरकावली. मावशींनी ती एका हाताने झेलली. डोळे उघडले तेव्हा मावशी दोरा घेऊन परतसुद्धा आल्या होत्या. कपाट पडलं नव्हतं, आग लागली नव्हती.

साडेदहाला घरून फोन. नवरोजी.

"अगं, चिरंजीवांची भूगोलाची वही कुठे आहे? शाळेत नेऊन द्यायचीय. तू जरा येऊन जातेस का?"

"मी खुर्चीवर आहे!"

"मग उठ ना."

"उठता येत नाही!"

"का? चिकटलीस?"

"तुम्ही शोधा हो! घर तुमचंही आहे ना?"

दोन मिनिटांत पुन्हा फोन. "सापडली. टेबलावरच होती. मी कधी टेबलावर बघितलंच नव्हतं." आणि तेवढ्यात मॅडमच्या फोनची बॅटरी संपली. चार्जर वीस पावलांवरच्या भिंतीत होता. मॅडम त्याच्याकडे डोळे भरून बघत राहिल्या.

मग खरी गंमत झाली. काकांनी हिरवी खुर्ची जमिनीवर ठेवली आणि ती डुगडुगली. चष्म्याने पाय मोजले. मागचा एक पाय जुन्या ड्रॉइंगप्रमाणे कापलेला, अर्धा इंच कमी.

"थांबा! कुणी काही करू नका! मी सांगते!" मॅडम बसल्या जागेवरून ओरडल्या. "चारही पाय काढा! नवीन कापा! काका, आधी ती करवत मला..." पण काकांनी तेवढ्यात यंत्राची करवत सुरू केली होती आणि त्या आवाजात मॅडमचं एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांना एवढंच दिसलं, काका आणि चष्मा डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलतायत. चष्म्याने कागदावर चार रेघा काढल्या. काका हसले. हसले! या कारखान्यात काका शेवटचे कधी हसले होते हे मॅडमना आठवेना.

अर्ध्या तासाने काका खुर्ची घेऊन आले. त्यांनी नवा पाय कापलाच नव्हता. मागचा दुसरा पायही तेवढाच कमी करून त्यांनी खुर्चीच जराशी मागे कलती केली होती. "चष्मा म्हणाला, वाचताना माणूस मागे टेकतो," काका म्हणाले. "मग खुर्चीनेच आधी टेकावं."

मॅडमनी हात लांब करून ती दाबली. डुगडुग नाही. उलट किती छान कललेली! मॅडमना आधी वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. म्हणजे आपल्याशिवाय होतं तर! मग त्यांनी पुन्हा एकदा दाबली. "हे... हे भारी आहे रे," त्या म्हणाल्या. "तिन्ही नमुने असेच करा." मग सवयीने "पण आधी मला दाखवून" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बाराला साहेब आले. सगळे आपापली कामं टाकून उभे राहिले. मॅडम बसलेल्या.

साहेबांनी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. तीन महिन्यांत ज्या बाई त्यांना फक्त पाठमोऱ्या, पळताना दिसल्या होत्या, त्या पायावर पाय टाकून बसल्यात आणि चारी बाजूंना माणसं दणादण काम करतायत. साहेबांनी दोनदा आपला चष्मा पुसला.

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"हो साहेब. चाचणी चालू आहे. मी उठू शकत नाही."

"नका उठू, नका उठू!" साहेब जरा घाबरूनच म्हणाले आणि चवड्यांवर चालत बाहेर गेले. जाता जाता चष्म्याच्या कानात म्हणाले, "हे असं रोज करता येईल का?"

दुपारी डब्याची सुट्टी झाली. मॅडमनी खुर्चीतच डबा खाल्ला. पाणी मात्र घेतलं नाही, कारण समजूतदार वाचकांना सांगायला नको. दोन वाजता त्यांनी पहिल्यांदा नरमाईने विचारलं, "काका, कुणी येतं का पाच मिनिटं बसायला?"

"मॅडम, फोम भरतोय."

"मावशी?"

"टाका हातात आहे हो."

"चष्मा?"

"मी रिपोर्ट टाइप करतोय. तुम्हीच म्हणालात ना, अदलाबदल नको?" चष्मा मान वर न करता म्हणाला. हात दाखवून अवलक्षण करून घेतल्यावर कुणाला बोलणार? मॅडमनी मान उंचावली. "बरं, आकडा तरी सांगा!"

"मस्त चाललाय," काका लांबूनच म्हणाले. "अजिबात काळजी करू नका."

आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच मॅडमना बसून आपली माणसं दिसली. मावशी टाका घालताना ओठ हलवत मोजतात. चष्मा अडला की उठून काकांकडे जातो, आणि काका त्याला आधी चार शिव्या देतात आणि मग उत्तर. निळ्या खुर्चीची पाठ झाली की मावशी न सांगता ती काकांकडे सरकवतात. हे लोक रोजच असं करत असणार, आणि आपण रोज मधून धावत असणार. हा विचार मॅडमना मुळीच आवडला नाही, पण तो काही केल्या उठून जाईना.

चार वाजता फाटकावरून निरोप आला. ग्रंथालयाच्या बाई लवकर निघाल्या होत्या. साडेचारलाच पोचतायत!

"मेलो आपण!" मॅडम म्हणाल्या. "साडेचारला फक्त सात तास दहा मिनिटं होतात! पन्नास मिनिटं कमी! आता त्यांना बसून नमस्कार करू?"

काका निळ्या खुर्चीचे हात बसवत होते, मावशी तपकिरीवरून ओला फडका फिरवत होत्या, चष्म्याचा प्रिंटर कुरकुरत होता. चार सत्तावीसला शेवटचा स्क्रू आवळला गेला, चार अठ्ठावीसला तिन्ही नमुने रांगेत उभे राहिले, आणि साडेचारला साहेबांबरोबर मुख्य बाई आत आल्या. पांढरे केस, सरळ पाठ, हातात छत्री, आणि नजर अशी की मोठ्याने बोलणाऱ्या माणसाने आपोआप आवाज खाली आणावा.

"या आमच्या विभागप्रमुख," साहेब म्हणाले आणि मॅडमना डोळ्यांनीच उठायची खूण करू लागले.

मॅडमचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळले गेले. सकाळच्या गठ्ठ्यानंतर खुर्ची दुसऱ्यावर सोपवायचं धाडस होईना. उठलं तर चाचणी गेली. न उठलं तर ऑर्डर गेली. स्टोअरच्या रजिस्टरचा वास त्यांच्या नाकात आला.

"बाई, माफ करा," त्या एका दमात म्हणाल्या. "मला उठता येत नाही. तुमची अट आठ तासांची आहे आणि अजून पन्नास मिनिटं बाकी आहेत. मी उठले तर आकडा शून्यावर जाईल, आणि मग तुम्हाला खोटा कागद द्यावा लागेल. तो मी देणार नाही. तुम्ही रागावलात तरी चालेल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र दोन पावलं पुढे आल्या.

"सकाळपासून बसलायत?"

"नऊ वीसपासून."

"पाठ दुखतेय?"

मॅडमनी विचार केला. खरंच विचार केला, कारण इतका वेळ पाठीची आठवणच झाली नव्हती. "पाठ नाही दुखत. जीव दुखतोय. पण त्यात खुर्चीचा दोष नाही."

बाई चक्क हसल्या. मग छत्री टेकत त्या खुर्चीमागे गेल्या आणि वाकल्या. "आकडा इथे दिसतो का? ...अहो, पण इथे तर आठ तास बत्तीस मिनिटं दिसतंय!"

मॅडमनी मान वळवून काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. मावशी फडक्याची घडी घालत होत्या. चष्म्याने चष्मा काढला होता, म्हणजे त्याला काहीच दिसू नये.

"गरजेपेक्षा अर्धा तास जास्त!" बाई साहेबांकडे वळल्या. "आमच्या खुर्च्यांसाठी आजवर अनेकांनी गोड बोलून दाखवलं. बसून कुणी दाखवलं नाही." मग त्या मागे कललेल्या हिरव्या खुर्चीत बसल्या, टेकल्या आणि डोळे मिटले. पुढची पाच मिनिटं त्या उठल्याच नाहीत. उठल्या तेव्हा दोन हजार खुर्च्यांची ऑर्डर झाली होती.

साहेब आणि बाई केबिनमध्ये गेले आणि मॅडम उभ्या राहिल्या. आधी त्या पळत कुठे गेल्या ते आपण सोडून देऊ. परत आल्या तेव्हा कमरेवर हात होते.

"काका! काय प्रकार आहे हा?"

"आकडा शून्यावर गेलाच नव्हता," काका म्हणाले. "तुम्ही मावशींना उठवलंत ना, तेव्हा मी आणि मावशींनी मिळून गठ्ठा चढवला होता खुर्चीवर. डबीला काय, वजन हवं. तुम्ही लोटलात आणि लगेच बसलात. सगळं आठ वाजल्यापासून चालूच होतं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, पण-बिण नको."

"नंतर सांगायचं! दहा वाजता सांगायचं!"

"दहा वाजता मीच नको म्हटलं," मावशी पुढे आल्या. "मॅडम, खरं सांगू? तीन महिन्यांत आज पहिल्यांदा एक शिवण मी एकदाच घातली."

मॅडमनी कमरेवरचे हात खाली घेतले. "आणि चार वाजता? चारला आठ तास झाले होते. तेव्हा तरी?"

"तेव्हा निळ्याचे हात बसवत होतो," काका म्हणाले. "तुम्ही उठला असता तर..."

"तर?"

तिघंही जमिनीकडे बघू लागले.

"...तर मी ते काढून परत बसवायला लावले असते," मॅडम स्वतःच म्हणाल्या. रागाने लाल व्हायचं ठरवलं होतं त्यांनी, पण डोळेच भरून आले, आणि मग एकदम इतकं हसू आलं की त्या पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. त्यांच्याबरोबर तिघंही हसायला लागले. केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "पक्कं! उद्यापासून पद पक्कं! फक्त एक करा, आज जसं चालवलंत तसंच चालवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आठाच्या आत आल्या. टेबलावर स्टोअरची किल्ली व्यवस्थित ठेवलेली, दोनदा ओढून बघितलेल्या कुलुपाची. त्या खुर्चीत बसल्या, डायरी उघडली, मान वर केली, आणि पलीकडे मावशींचा टाका त्यांना जरासा वाकडा दिसला. झालं! मॅडम ताडकन उठल्या.

टिंगटाँग!

कारखानाभर दाराची बेल वाजली. काकांचा रंधा थांबला, मावशींचं मशीन थांबलं, चष्म्याने मान खाली घालून पेन्सिल घट्ट धरली. मॅडमनी वाकून आपल्या खुर्चीखाली पाहिलं. तिथे डबी होती, आणि डबीला जोडलेली एक बेल.

"मॅडम," काका कामावरची नजर न काढता म्हणाले, "कोण आलंय बघू का?"

मॅडमनी मावशींच्या टाक्याकडे एकदा पाहिलं, बेलकडे एकदा पाहिलं.

"कुणी नाही हो काका, मीच होते," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.